बाटलीतला रंग

घोटीत भाताची सोंगणी आणि दिवाळी हातात हात घालूनच येतात. गिरण्यांपुढे पोत्यांनी लादलेल्या गाड्यांची रांग, आणि पोरांना अंगणात किल्ला उभारायची घाई. अशाच एका गिरणीच्या भिंतीला लागून एका मूर्तिकाराची शेड होती. गणपती उरकले की तिथे साच्यातून मावळे निघायचे. फेटा, अंगरखा आणि डोळ्यांची आखणी मामा करायचे. अंग रंगवणं भाच्याकडे.

भाच्याने यंदा 'स्किन कलर' लिहिलेली तयार बाटली आणली आणि दुपारपर्यंत फळीभर मावळे एकजात गुलाबी करून टाकले. शत्रूच्या शिपायांना मात्र काळपट रंग दिला. तसं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं बाजारात येणारे मावळे असेच, म्हणून यानेही तेच केलं. असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत, आपोआप हाताला लागतात.

मामांनी फळीवरून नजर फिरवली, पण बोलले काहीच नाहीत. दारात टाकेदकडचा एक शेतकरी सावलीला टेकला होता. भात गिरणीत दिलेलं, नंबर लागायचा होता.

"बाबा, जरा आत बसता का?"

"बसतो की. माझा नंबर यायला लई येळ हाये."

मामांनी एक कोरा मावळा भाच्यापुढे ठेवला. "याला ह्या बाबांचा रंग दे."

भाच्याने गुलाबीत काळा कालवला. चेहरा राखेसारखा झाला. आणखी काळा घातला, तर मावळा आजारी दिसायला लागला. काळा रंग गुलाबीतला तांबूसपणाच गिळून टाकतो, मग कातडीत रक्त उरत नाही.

"काळ्याला हात लावू नकोस. आधी बाबांकडे बघ."

भाच्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. टोपीखालचं कपाळ उजळ, त्याखाली उन्हाने मारलेली रेघ. गालाची हाडं घामाने चकाकणारी, मानेमागे सगळ्यांत गडद. ओठ जांभळट, तळहात फिके, कानाच्या पाळीतून ऊन आरपार लाल. भुवयांवर गिरणीचा कोंडा. एका माणसात इतके रंग, आणि बाटलीत एकच.

मग मामांनी गेरू, पिवडी आणि निळ्याचा जेमतेम एक थेंब कालवायला लावला. आधी सगळीकडे गडद हात. तो वाळल्यावर नाक, गाल, गुडघे असे उंचवटे तेवढे उजळ केले. शेवटी पातळ तपकिरी पाणी फिरवलं. ते आपसूक डोळ्यांच्या खाचेत आणि बोटांच्या फटींत जाऊन बसलं. आता कुणी म्हणेल, दोन बोटांच्या मावळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. एका मावळ्याच्या वेळात दहा गुलाबी झाले असते, आणि पैसे दोन्हींचे सारखेच.

शेतकऱ्याने मावळा हातावर घेतला. 1679 साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज पट्टा किल्ल्यावर मुक्कामाला थांबले, त्यावरून पट्ट्याचं नाव विश्रामगड पडलं. ही गोष्ट टाकेदच्या बाजूला लहान पोरंही सांगतात.

"हा चढला असंल पट्ट्यावर," तो म्हणाला. "हे गुलाबी न्हाई चढायचे. एका उन्हात सोलून निघतील."

भाचा हसला, मग फळीकडे वळून त्याने शत्रूचे शिपाई एकेक करून खाली उतरवले.

संध्याकाळी व्यापारी आला. खोक्यात गुलाबी मावळे भरता भरता त्याचा हात थांबला.

"हा एकच काळा कसा काय राहिला? गिऱ्हाईक गोरेच मागतं, बाबा."

"एकच नाही," भाचा ब्रश धूत म्हणाला, "बाकीचे वाळायचेत."