झोळी आणि रकाना

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या जिन्यात पोस्त मागणाऱ्यांची ये-जा सुरू होते. कचरा नेणारी येते, पेपर टाकणारा मुलगा येतो, पोस्टमन येतो, रात्री काठी आपटीत फिरणारा गुरखा येतो. आपण पाकीट उघडतो, मनातल्या मनात थोडी घासाघीस करतो आणि एक नोट काढून देतो. वर चिवड्याची पुडी. त्या पैशाचे तू काय करणार, असे आपण कुणाला विचारीत नाही. विचारले तर त्याला अपमान वाटेल, आणि विचारणाऱ्यालाही चोरट्यासारखे होईल.

गेल्या वर्षी याच दिवसांत मीही एका पोस्ताच्या मागे लागलो होतो. मात्र तेथे मला छत्तीस प्रश्नांची उत्तरे लिहून द्यायची होती.

झाले असे. कसब्यातल्या एका बोळात आमच्या ओळखीच्या एक बाई मुलींची अभ्यासिका चालवितात. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एक लांबट खोली, दोन सतरंज्या, एक फळा. ज्या मुलींच्या आया चार घरची धुणीभांडी करतात आणि ज्यांच्या घरात पाय पसरायलाही जागा नाही, अशा पंचवीसतीस मुली संध्याकाळी सहा ते नऊ तेथे बसून अभ्यास करतात. बस्स, एवढेच. या खोलीचे भाडे, विजेचे बिल आणि गणित-इंग्रजी शिकविणाऱ्या दोघींचे मानधन हा सारा खर्च बाईंचे निवृत्तिवेतन आणि त्यांचे जुने विद्यार्थी मिळून भागवीत आले. पण घरमालकाने भाडे वाढविले आणि गाडे अडले. मुंबईत एक मोठे प्रतिष्ठान आहे, अशा कामांना ते अनुदान देते, असे कुणीतरी सांगितले. बाई अर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. एवढा एक अर्ज लिहून द्या."

मी मॅट्रिकपुरते शिकलेला मास्तर. कादंबरी लिहायला पदवी लागत नाही म्हणून निभावले. अर्ज लिहायला मात्र ती लागते, असे दुसऱ्याच पानावर माझ्या ध्यानात आले. उपक्रमाची उद्दिष्टे काय? अपेक्षित परिणाम कोणते? ते मोजण्याचे निकष काय? तीन वर्षांनंतर उपक्रम स्वावलंबी कसा होईल? हा शेवटचा प्रश्न मी बाईंना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, "तीन वर्षांनी भांडी घासणाऱ्या बायका संपणार आहेत का?" मी ते लिहिले नाही.

भाडे, वीज आणि मानधन हे 'प्रशासकीय खर्च' या सदरात पडत होते, आणि त्या सदराला फारसे काही मिळणार नव्हते. त्याऐवजी प्रत्येक मुलीला एक टॅब मिळू शकत होता. आमच्या खोलीत विजेचे बटण एकच आहे, आणि त्यावर पंखा चालतो.

विचारणाऱ्याचा मला राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. पैसा कुणाच्या तरी कष्टाचा असतो, आणि आपल्या गावात नुसत्या पाटीवर जगणाऱ्या संस्थाही काही कमी नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोककल्याणासाठी खर्च करण्याचे बंधन आले. तेव्हापासून दान हे एक खाते झाले, आणि खाते म्हटले की हिशेब आलाच. परदेशी देणग्यांचा कायदा 2020 साली बदलला, तेव्हा त्या पैशातून कचेरीवर करावयाच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. यामागचा संशय अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण खोलीला भाडे लागते आणि शिकविणारीला पोट असते, हेही तितकेच खरे.

माझी खरी अडचण झाली ती एकतिसाव्या रकान्यापाशी. तेथे लिहिले होते, 'एका लाभार्थीची यशोगाथा, तीनशे शब्दांत, छायाचित्रासह'.

येथे माझी लेखणी मोकळी सुटली. अभ्यासिकेत एक मुलगी होती, तिचा बाप दारूपायी गेला होता. दुसरीला गणितात नव्वद गुण पडले होते. तिसरीने परिचारिकेच्या शिक्षणक्रमाला प्रवेश मिळविला होता. मी तिघींची एक केली. तिला एक छानसे नाव दिले, तिच्या आईच्या हाताला साबणाने पडलेल्या भेगा वर्णिल्या, आणि अखेरीस तिला पांढऱ्या गणवेशात रुग्णालयाच्या पायऱ्या चढायला लावले. वाचताना माझ्याच घशाशी आवंढा आला. आता इतके झाल्यावर अनुदान न मिळायला काय झाले?

बाईंनी ते पान दोनदा वाचले.

"ही कोण?"

"आपल्याच तिघी मिळून आहे, बाई. एक शब्द खोटा नाही."

"शब्द खोटा नाही, मुलगी खोटी आहे," बाई म्हणाल्या. "मास्तर, हे तुमच्या कादंबरीत घाला. तेथे शोभेल."

मी चिडलो. खोलीला कुलूप लागायची वेळ आली आणि यांना व्रत आठवते! त्या रात्री मला झोप आली नाही. चांगल्या कामासाठी मागणाऱ्याने देणाऱ्याला रुचेल तेवढेच सांगावे की नाही, हा प्रश्न पुण्यात काही पहिल्यांदाच उभा राहिलेला नव्हता. मला अण्णासाहेब कर्वे आठवले.

1893 साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि गावाचा रोष ओढवून घेतला. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आता पैसे मागायचे कुणाकडे? सुधारक मूठभर, आणि त्यांतही पैसेवाले थोडे. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांतल्या पुष्कळांना विधवेने दोन अक्षरे शिकावीत हे कसेबसे पटत होते. तिने पुन्हा लग्न करावे हे मुळीच पटत नव्हते. अण्णांनी पुनर्विवाहाची चळवळ आणि आश्रम यांच्यामध्ये एक भिंत घातली. आश्रम शिक्षण देईल. विवाहाच्या भानगडीत तो पडणार नाही. कडव्या सुधारकांना हा बोटचेपेपणा वाटला. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केले, त्याने देणग्यांसाठी तत्त्व गुंडाळून ठेवावे!

मीही तरुणपणी असेच म्हणत असे. आता तसे वाटत नाही. अण्णांनी लपविले काय? त्यांची पत्नी साऱ्या गावाला ठाऊक होती. त्यांनी कामाची व्याप्ती आखली आणि ती उघड सांगितली; ज्याला त्या चौकटीत द्यावयाचे त्याने द्यावे. काम लहान करून सांगणे आणि नसलेली मुलगी उभी करणे यांत फरक आहे, हे मला त्या रात्री पटले. पण लहान करण्याचीही किंमत पडतेच. ज्या समाजाकडून देणगी यायची त्याच्या सोयीची चौकट एकदा आखली की त्याला न रुचणारी माणसे बाहेर राहतात. आश्रमाचे पहिले दिवस ब्राह्मण विधवांपुरतेच मर्यादित राहिले, ही गोष्ट आज वाचताना बोचते.

आश्रमासाठी झोळी घेऊन हिंडणाऱ्यांत गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले होत्या. लहान वयात विधवा झालेल्या, हिंगण्याला येऊन शिकलेल्या. केशवपन केलेली ही बाई गावोगाव सभा घेई आणि पैसे गोळा करी. सोवळ्या घरांतही तिला दार उघडे असणार, कारण तिचे रूपच त्या घरांच्या ओळखीचे होते. हे रूप म्हणजे एक प्रकारचा अर्जच होता असे मला कधी कधी वाटते. 1918 साली ही बाई अमेरिकेला गेली. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी पैसा जमवावा, हा हेतू. पण तेथे पोटासाठी तिला परक्यांच्या घरी घरकाम करावे लागले. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींच्या आयांचेच काम! 'माझी कहाणी' या तिच्या आत्मचरित्रात हे तिने स्वतःच सांगितले आहे. देणगीदारापुढे ठेवायला याहून मोठी यशोगाथा कोणती? पण ती तिची तिने सांगितली, आणि पैसे मागण्याचे काम संपल्यावर.

आणि झोळीची एक गोष्ट. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी मधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. ते दिवस गोड होते असे मी म्हणत नाही. वाराच्या घरी ताट लवकर वाढले जाई की उशिरा, हे त्या मुलांना जन्मभर आठवे. पण सात घरी जेवणारा मुलगा एकाच घराचा मिंधा नसे. एक घर बंद झाले तर एक दिवस उपास पडे, शिक्षण बंद पडत नसे. एकाच मोठ्या हातातून सगळे आले की तो हात कधी आखडेल याचा घोर लागतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतच मतभेदावरून मुंबई सरकारने या संस्थेचे अनुदान थांबविले होते. संस्था उभी राहिली, कारण तिच्यामागे मूठमूठ धान्य देणारी माणसे होती.

मोठा हात वाईटच असतो असेही नाही. 1916 साली अण्णांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे असे ठरले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. पुढे 1936 साली विद्यापीठाची मुख्य कचेरी पुण्याहून मुंबईला गेली. पुणेकराच्या मनाला हे लागले असेल. पण पंधरा लाखांवाचून ते विद्यापीठ कोठवर चालले असते, कोण जाणे. आज मुली नुसती आद्याक्षरे उच्चारतात. ज्या नाथीबाईंच्या नावाने त्या पदव्या घेतात त्या कोण, हे शंभरात एखादीला ठाऊक असेल. नाव देऊन अण्णांनी काही गमावले असे मला वाटत नाही. आणि एवढी देणगी मिळूनही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 1929 साली, हा गृहस्थ पुन्हा मदत मागायला जगाच्या प्रवासाला निघाला, तेथून पुढे आफ्रिकेलाही गेला. मागणे त्यांना संपता संपले नाही. त्यांच्यापुढे छापील रकाने नव्हते, एवढेच. समोर माणूस बसलेला असे, तो प्रश्न विचारी, आणि अण्णा त्यांच्या त्या संथ आवाजात उत्तर देत असतील. समोरच्या माणसाला उत्तर देताना तिघींची एक करणे अवघड जाते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. एकतिसाव्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. दहावीला दोनदा नापास झालेली एक मुलगी होती. ती तिसऱ्यांदा बसणार होती आणि तोवर रोज संध्याकाळी लहान मुलींना पाढे म्हणायला लावीत होती. सहा ओळी. छायाचित्र नाही, तिच्या आईने नको म्हटले होते.

"बाई, हिला यश म्हणतात?"

"ती रोज येते," बाई म्हणाल्या. "मला एवढेच ठाऊक आहे."

अर्ज गेला. चार महिन्यांनी उत्तर आले, दोन ओळींचे आणि सभ्य: आपले कार्य स्तुत्य आहे, परंतु परिणामांची मोजणी स्पष्ट होत नसल्याने यंदा विचार करता आला नाही. मी ते पत्र घडी करून खिशात ठेवले. माझी मुलगी त्या रकान्यात गेली असती तर पैसे आले असते, असे मला तेव्हा वाटले. खरे सांगायचे तर आजही वाटते. बाईंना मी हे बोलून दाखविलेले नाही. मानधन देणे जमेना, तेव्हा इंग्रजी शिकविणारी सोडून गेली. अभ्यासिका आता आठवड्यातून चारच दिवस उघडते. उरलेल्या दिवशी त्या मुली कुठे बसतात, हे मी विचारलेले नाही. विचारले तर कदाचित बाईंवर रागावेन. आणि बाईंनी माझे पान पाठविले असते, प्रतिष्ठानचा माणूस ती मुलगी पाहायला आला असता, तर मी त्याच्यासमोर कोणाला उभे केले असते? तिघींपैकी कोणाला सांगितले असते, की आज तू ही हो?

तिसऱ्या खेपेला ती मुलगी पास झाली की नाही, असे वाचकांना वाटले असेल. झाली, गणितात काठावर. पण तोवर प्रतिष्ठानचे पत्र येऊन गेले होते.

परवा बाई फराळाचा डबा घेऊन आल्या. डब्याखाली कागदांची गुंडाळी होती. दुसरे प्रतिष्ठान, या खेपेला बेचाळीस प्रश्न, मुदत महिनाअखेर. "वेळ मिळेल तसे करा, मास्तर. आधी चकली खाऊन पाहा, यंदा भाजणी जरा जाड झाली."

पहिली तीस उत्तरे मी काल लिहून काढली. पुढचा रकाना अजून कोरा आहे. या वेळी तो पाचशे शब्दांचा आहे.