शस्त्र नसलेला शिपाई

संध्याकाळी उरवड्यातल्या कारखान्यांची शिफ्ट सुटली, घरी चहा झाला की थोडा वेळ बसा. पाठ टेकवा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. आज एका शिपायाकडे बघायचं आहे.

आधी आपल्या ओळखीचा शिपाई आठवा, वीरगळावरचा. खालच्या चौकटीत तो लढता लढता पडतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसतो, माथ्यावर चंद्र-सूर्य. मावळातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या हातातली तलवार नीट बघून घ्या.

आता ती तलवार मनातल्या मनात काढून घ्या. माणूस तोच राहू द्या.

सेबॅस्टियन हा रोमन सम्राट डायोक्लेशनच्या पहाऱ्यातला अधिकारी होता, असं परंपरा सांगते. तो ख्रिस्ती असल्याचं उघड झालं आणि सम्राटाच्या हुकमावरून तिरंदाजांनी त्याला बांधून बाण मारले. तोही शिपाई, मारणारेही शिपाईच. घाई करू नका. त्यांच्यातल्या एकाचा तरी हात थरथरला असेल का, एवढंच मनात येऊ द्या.

त्या बाणांनी तो मेला नाही. आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा केली, तो बरा झाला. गुपचूप निघून जाता आलं असतं. तो परत सम्राटासमोर जाऊन उभा राहिला, ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल त्याला तोंडावर बोलला, आणि मग सोट्यांनी मारला गेला. मला या कथेत बाणांपेक्षा अवघड वाटतं ते बरं झाल्यावर उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल. वेदना काय असते हे आता त्याला पुरतं ठाऊक होतं. त्या उंबऱ्यापाशी राहवेल तितका वेळ राहा.

चित्रकारांनी मात्र बाणच निवडले. सुरुवातीला तसं नव्हतं. रोमच्या सान पिएत्रो इन विन्कोली चर्चमधल्या सातव्या शतकातल्या मोझेकमध्ये तो दाढीवाला, अंगभर वस्त्र ल्यालेला प्रौढ पुरुष आहे, अंगात एकही बाण नाही. पुढे युरोपात प्लेगने माणसं पटापट मरू लागली. अवचित येणारा रोग म्हणजे वरून सुटलेला बाण, अशी समजूत होतीच. म्हणून बाण सोसून जगलेला संत लोकांचा आधार झाला. १४८० च्या सुमारास चित्रकार मान्तेन्याने त्याला पडक्या रोमन खांबाला बांधलेला रंगवला. खाली कोपऱ्यात दोन तिरंदाजांचे फक्त चेहरे दिसतात. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ख्रिस्ती वस्त्यांनी रस्त्याकडेला क्रूस उभारले. भीती तीच, हात जोडणंही तेच.

एल ग्रेकोने १५८० ते १५८२ च्या दरम्यान दुसरा शिपाई रंगवला. हुकूम नाकारल्याबद्दल मारल्या गेलेल्या थीबन या रोमन तुकडीचा नायक, संत मॉरिस. त्या चित्रात शिरच्छेद मागे, लांबवर आहे. पुढे ठळकपणे दिसतात ती आपसात बोलणारी, ठरवणारी माणसं. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला चित्र पसंत पडलं नाही. माझ्या मते हौतात्म्य खरं कळलं ते एल ग्रेकोलाच. नकार आधी मनात पक्का होतो. तुमच्या आयुष्यातला असा एखादा नकार आठवतो का? आठवला तर त्याच्याजवळ बसा. नाही आठवला तरी बसा.

वसई किल्ल्याच्या एका बुरुजाला पोर्तुगीजांनी सेबॅस्टियनचं नाव दिलं होतं. ज्याने उलट वार केला नाही, त्याचं नाव लढाईच्या बुरुजाला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून फोडला तो हाच बुरुज. त्या मोहिमेत मराठ्यांची हजारो माणसं पडली.

सेबॅस्टियनचा सण २० जानेवारीला असतो. त्या सुमारास वसईला जाणं झालं, तर त्या बुरुजापाशी तलवार घेऊन पडलेल्यांना आणि तलवारीवाचून उभा राहिलेल्याला, दोघांनाही नमस्कार करा.