सातबारा नसलेले आकाश

घट फुटला तरी आकाश फुटत नाही, हे वेदान्ताचे आवडते उदाहरण. आकाश एकच; भिंती घालून आपण त्याच्या तुकड्याला आपले म्हणतो, इतकेच. ड्रोन उडवणाऱ्याला हा विचार भलताच सोयीचा आहे. आकाश कुणाचेच नसेल, तर वस्तीवरून जाताना खालच्या माणसाला विचारायचे कशाला? आपले 2021 चे ड्रोन नियम ड्रोनचे वजन, उंची आणि विमानतळापासूनचे अंतर पाहतात; नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडायला परवानगी लागत नाही. खाली माळरान आहे की चाळ, याने त्या हिरव्या रंगात फरक पडतोच असे नाही.

मालकीच्या वाटेने गेले तर याचे उत्तर अर्धेच मिळते. उत्तर कॅरोलिनातल्या कॉस्बी दाम्पत्याच्या कोंबडीपालनावरून लष्करी विमाने अवघ्या 83 फुटांवरून जात. बिथरून भिंतींवर आपटलेल्या सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1946 साली सांगितले की जमिनीची मालकी थेट आभाळाला भिडते हे जुने तत्त्व आता चालणार नाही, पण जमीन उपभोगण्यापुरती वरची हवा मालकाचीच. निकाल शहाणा, तरी हक्क मातीलाच बांधलेला. मग भाडेकरूचे काय, झोपडपट्टीतल्या माणसाचे काय? (मेल्या त्या कोंबड्यांच्या नावावरही सातबारा नव्हता.) इथे न्याय-वैशेषिकांचे म्हणणे उपयोगी पडते: शब्द हा आकाशाचा गुण. आकाश वाटून घेता येत नाही, पण त्यातली घरघर कानावर येते, आणि कान जमिनीचा उतारा मागत नाही. म्हणजे दावा मालकीतून नव्हे, खाली राहण्यातून उपजतो.

कुणी म्हणेल, रस्त्यावरच्या मोटारीही धोका लादतात, आपण कुठे संमती देतो? खरे आहे. पण रस्त्यावर चालणारा बाजूला होऊ शकतो, आणि आज पायी असलेला उद्या बसमध्ये असतो; धोका आणि सोय निदान काही प्रमाणात एकाच माणसाच्या वाट्याला येतात. पार्सल मागवणारा एकीकडे आणि ज्याच्या पत्र्यावर ते पडू शकते तो दुसरीकडे, अशी फारकत तिथे नसते. तृतीय पक्षाचा विमा नुकसान भरून देतो, विचारणा करत नाही. रक्ताची पिशवी नेणाऱ्या ड्रोनसाठी बहुतेक लोक आनंदाने होकार देतील, पण तो होकार त्यांच्याकडून यावा.

घरोघर विचारत बसलो तर एकही ड्रोन उडणार नाही, हा आक्षेप मात्र जमिनीवरच खोटा ठरला आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होते. उड्डाणाआधी ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. वरचा कॅमेरा तीच पांढरी रेघ शोधत फिरतो. शहरातल्या प्रभागसभेत हा विषय येऊ नये, असे ड्रोनच्या यंत्रात तरी काही नाही.