जुनं म्हणून किती जास्त?

केनवडच्या पानटपरीवर चिरूट मागितला तर टपरीवाला आधी गिऱ्हाइकाकडे नीट बघेल आणि मग बिडीचं बंडल पुढे सरकवील. तरीही चिरुटाच्या शौकिनांचा एक जुना वाद रिसोड तालुक्यात बसून बरा समजतो. पेटीत पाच-सात वर्षं ठेवलेल्या चिरुटाला नव्यापेक्षा जास्त पैसे मोजावेत का, हा तो वाद. आपल्याकडे हाच प्रश्न दर उन्हाळ्यात हळदीच्या पोत्यांतून घरात येतो. हळद काढली, शिजवली, वाळवली, ढोलात घालून पॉलिश केली. आता रिसोडच्या बाजार समितीतला आजचा भाव घ्यायचा की पोती रचून ठेवायची?

चिरुटाचं आधी बघू. तंबाखूचं पान वाळवून त्याचे ढीग लावतात. ढीग आतून तापतो, अमोनिया उडून जातो, पानाचा उग्रपणा उतरतो. मग गाठोडी बांधून ती वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त ठेवतात. म्हणजे मुरण्याचं मोठं काम चिरूट वळण्याआधीच उरकलेलं असतं आणि त्याचे पैसे नव्या चिरुटाच्या किमतीत धरलेले असतात. पुढे पेटीत जे घडतं ते फार सावकाश. भरदार पानाला ते मानवतं, हलक्या पानाचा चिरूट नुसताच फिका पडत जातो. २०१४ साली क्युबाच्या हबानोस कंपनीने पेटीत पाच ते आठ वर्षं ठेवलेले चिरूट ‘आन्येहादोस’ या नावाने वेगळे विकायला काढले, तेव्हा या वादाला कंपनीचाच शिक्का मिळाला. (जुन्या चिरुटातलं विष काही मुरून कमी होत नाही. छातीला दोन्ही सारखेच.)

चव बाजूला ठेवून नुसत्या पैशांचा हिशेब करावा. हजार रुपयांचा माल पाच वर्षं ठेवला आणि पैशाला दहा टक्के चक्रवाढ व्याज धरलं, तर १,६१० रुपये होतात. म्हणजे चवीत तिळाएवढा फरक न पडताही ठेवणाऱ्याला दीडपटीहून जास्त मिळायला हवेत, नाहीतर तो बुडीत. जास्तीच्या किमतीतला मोठा वाटा असा नुसत्या थांबण्याचा असतो. गिऱ्हाइकाला मात्र तो सगळाच चवीचा वाटतो.

शिवाय माल कसा ठेवला होता, हे कोण सांगणार? चिरुटाला हवेत पासष्ट ते सत्तर टक्के दमटपणा लागतो. वाशीमच्या मे महिन्यात तो उघड्यावर राहिला तर पापडासारखा तडकेल. ऊब आणि ओल दोन्ही मिळाली तर पानातल्या अंड्यांतून भुंगा निघेल. हा भुंगा आपल्या ओळखीचा आहे. तंबाखूला लागणारा हाच बारीक तपकिरी किडा साठवलेल्या हळदीलाही लागतो. हळकुंडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि पोत्याच्या तळाशी पिवळा भुगा दिसला की समजायचं, माल जुना झाला पण मुरला नाही.

या भुंग्यावर सांगलीजवळच्या हरिपूरने जो उपाय काढला त्याला तोड नाही. तिथल्या मातीत खोल पेवं खणून हळद त्यात भरायची आणि तोंड बंद करायचं. आत प्राणवायू उरत नाही, त्यामुळे किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं राहते. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरू शकत नाही, आधी हवा खेळू द्यावी लागते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून ही पेवं मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. पण पेवातल्या हळदीला मान होता तो ती बिघडली नाही म्हणून. टिकणं वेगळं आणि मुरणं वेगळं. विकणारा बरेचदा टिकलेला माल मुरलेला म्हणून विकतो, आणि घेणाराही आनंदाने फसतो, कारण जुन्या वस्तूबरोबर एक गोष्ट फुकट मिळते.

खरं मुरणं बघायचं असेल तर तांदळाकडे बघावं. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. वर्षभर ठेवलेला तांदूळ पाणी जास्त पितो, शीत लांबतं आणि मोकळं राहतं. तिथे जुन्याचे चार पैसे जास्त देताना मला कधी वाईट वाटलेलं नाही, कारण पातेल्यात डोळ्यांदेखत फरक दिसतो. चिरूट घेणाऱ्यानेही हेच करावं: पेटी उचलण्याआधी एकाच कारखान्याचा एक नवा आणि एक जुना ओढून बघावा. फरक कळला तर द्यावेत पैसे. वर्ष वाचूनच फरक कळत असेल तर नव्यावरच भागवावं.

शेतकऱ्याची गंमत उलटी आहे. तो थांबतो, पण त्याच्या थांबण्याला कुणी किंमत देत नाही. हळद जुनी म्हटली की व्यापारी भाव चढवत नाही, हळकुंड मोडून आत भुंगा शोधतो. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं आणि त्यानंतर कित्येक घरांतली पोती त्या आठवणीवर थांबून राहिली. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार बराच काळ त्याच्याही खाली. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, ६ टक्क्यांनी. म्हणजे थांबायचं भाडं इथे शेतकऱ्यानेच भरायचं. त्यात सोयाबीन सुकतं. बारा टक्के ओलाव्याचा क्विंटल आठ टक्क्यांवर आला की काट्यावर साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास भरतो. चिरूटवाल्याला हा हिशेब सांगितला तर तो म्हणेल, ‘म्हणूनच तर आम्ही जास्त घेतो.’ आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे.