वर्गणीची वही

शेलूबाजारकडच्या एका गावात एक कबड्डीपटू होता. चढाईला निघताना तो मांडीवर थाप मारायचा. तशीच थाप गावातली शेंबडी पोरंही शाळेच्या मैदानात मारायची. प्रो कबड्डीतल्या एका संघानं त्याला घेतलं, तेव्हा गावानं डफडं वाजवत त्याची मिरवणूक काढली.

पहिल्या हंगामाच्या पैशातून त्यानं गाडी घेतली. समृद्धी महामार्ग गावापासून जवळच. रात्री जेवणं झाली, की दोन-तीन मित्रांना घेऊन तो निघायचा. तिथं वेगाची मर्यादा ताशी 120 किलोमीटर. याचा काटा 170 वर जायचा आणि मागच्या सीटवरचा कुणीतरी मोबाईलवर काट्याचा व्हिडिओ काढायचा. सकाळपर्यंत तो गावातल्या सगळ्या फोनवर पोचलेला असायचा.

एके दिवशी गावातली दोन शाळकरी पोरं बापाची मोटारसायकल घेऊन निघाली. मागच्याच्या हातात मोबाईल होता, त्यालाही काटा दाखवायचा होता. नाल्याच्या वळणावर गाडी घसरली. पुढचा थोडक्यात बचावला, मागच्याचा हात मोडला.

संध्याकाळी कबड्डीपटूला गुरुजींचा निरोप आला. निवृत्त झालेले हे शिक्षक. पायानं मातीत रेघ ओढून त्याला मध्यरेषा शिकवली, ती त्यांनीच.

“काल काटा कितीवर गेला होता रे?” गुरुजींनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “गुरुजी, त्या पोट्ट्यांले म्या थोडंच सांगतलं? गाडी माही, जीव माहा. अन् एवढं काय होते? ऋषभ पंत नाही का परत खेळला?”

“खेळला, अन् चांगला खेळला,” गुरुजी म्हणाले. “पण मधलं काऊन सोडतं? 30 डिसेंबर 2022 ची पहाट. मायले भेटाले एकटाच गाडी चालवत चालला होता. रुरकीजवळ डुलकी लागली म्हणे, गाडी दुभाजकावर आदळली अन् पेटली. हरियाणाच्या एस.टी.चा ड्रायव्हर अन् कंडक्टर धावले, म्हणून वाचला. गुडघा गेला, 2023 चा विश्वचषक घरी बसून पाहा लागला. गाडी जरा आरामात चालवत जा, असं शिखर धवननं त्याले आधीच सांगतलं होतं.”

तो काही बोलला नाही. गुरुजींनी मग पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट काढली. 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आल्यावर त्यांनी कुस्त्या ठेवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

एवढं सांगून गुरुजी आत गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले. हा सतरा वर्षांचा असताना याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. अकोल्याला ऑपरेशन झालं. तेव्हाची वर्गणी या वहीत होती. त्यानं ती पहिल्यांदाच पाहिली.

किराणा दुकान, 500. चहाची टपरी, 51. एका शेतकऱ्यापुढं पैशाऐवजी “सोयाबीन, अर्धं पोतं”. सातवीचा वर्ग, 137, सगळी चिल्लर. एका बुढीपुढं 20 रुपये लिहून खोडले होते आणि वर 30 केले होते.

“दुसऱ्या दिवशी पुन्हा आली होती,” गुरुजी म्हणाले. “म्हणे, पोराले फळं लागतीन. आताही तुही मॅच लागली, की शेजारी टीव्हीपुढं जाऊन बसते. तिले खेळ कळत नाही. तू पडला, की उठेपर्यंत हात जोडून राहते.”

त्यानं वही मिटली नाही. बराच वेळ एकेक नाव वाचत राहिला.

चार रुपये दिले म्हणून खेळाडूच्या प्रत्येक घटकेवर कुणाचा हक्क होत नाही, आणि त्या गावानं तसा हक्क कधी सांगितलाही नाही. पण जो आपल्या पडण्यानं कळवळतो आणि आपण करू तेच करायला धावतो, त्याचा विचार मैदानाबाहेरही करावाच लागतो. खाशाबांना घर सोडवून देता आलं. जीव लावणाऱ्यांना मात्र परत काय द्यायचं? आपण स्वतःला सांभाळावं, एवढंच त्यांचं मागणं असतं.

दुसऱ्या दिवशी तो हात मोडलेल्या पोराच्या घरी गेला. पोरगं प्लॅस्टर विसरून उठून बसलं. “दादा, गाडीत फिरवता?”

त्यानं आधी त्याच्या आईला विचारलं. मग पोराला पुढं बसवलं, प्लॅस्टरला लागणार नाही असा पट्टा लावून दिला आणि जुन्या रस्त्यानं शेलूबाजारला भजी खायला नेलं. वाटेत मागून एका ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. “दादा, दाबा ना!” पोरगं ओरडलं. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि ट्रॅक्टरला पुढं जाऊ दिलं.