न मागितलेले ऋण

अमेरिकेतील रँडल मन्‍रो हा नासाच्या लँगली केंद्रात काम करणारा प्रोग्रामर. २००५ साली आपल्या वह्यांतली चित्रे त्याने इंटरनेटवर मांडली. पुढे नोकरी सुटली आणि ‘एक्सकेसीडी’ ही चित्रमालाच त्याचा चरितार्थ झाली. नाकडोळे नसलेली रेघांची माणसे आणि गणित-विज्ञानाची थट्टा, एवढेच तिचे भांडवल.

२०२० सालच्या त्याच्या एका चित्रात ठोकळ्यांचा प्रचंड मनोरा आहे. हा आजचा सारा संगणकव्यवहार. तळाशी एका बारीकशा ठोकळ्यावर तो कसाबसा तोललेला. आणि तो ठोकळा नेब्रास्कातला कोणी अनाम मनुष्य २००३ पासून एकटा सांभाळीत आहे, आभाराच्या एका शब्दाविना!

ही अतिशयोक्ती आहे काय? जगभरच्या संगणकांतले गुप्त व्यवहार ज्याच्या भरवशावर चालत, त्या ‘ओपनएसएसएल’मध्ये २०१४ साली मोठे भगदाड सापडले. तोवर त्याच्या चालकांना वर्षाकाठी देणग्या मिळत, त्या सुमारे २,००० डॉलरच्या.

देणाऱ्याने मागितले नाही, मग घेणाऱ्याने का द्यावे, असे व्यवहारी मनुष्य विचारील. कायदाही त्याच्याच बाजूने बोलेल. परंतु आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण मानले, ते कोणा ऋषीने हुंडी लिहून घेतली होती म्हणून काय? मागून वसूल होते ते कर्ज. ज्याची आठवण घेणाऱ्यानेच ठेवायची, ते ऋण. मन्‍रोही आपली चित्रे, त्यांवर नफा न कमावणाऱ्या कोणालाही मोकळेपणाने वापरू देतो.

मनोरा कोसळल्यावर तळाशी वाकून पाहणे याला चौकशी म्हणतात. तो उभा असतानाच जो वाकून पाहील, त्यालाच कृतज्ञ म्हणावे.