बारा वर्षांची वही

बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावावं लागतं. मग गोदावरीच्या पाण्यात पिपेटने मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. साका तपकिरी झाला, तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर नाही. विंक्लरची ही पद्धत १८८८ सालची आणि आजही पदवीच्या प्रयोगशाळेत चालणारी. नाशिकच्या सोमेश्वरच्या पाण्यात तपकिरी साका पाहिलेल्या मुलीला नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत तो पांढरा दिसतो, तेव्हा ती बाटली पुन्हा हलवून बघते. आपलंच काही चुकलं असेल, असं तिला वाटतं. संशोधन या शंकेपासून सुरू होतं.

आपण मात्र तिला तिथेच सोडून देतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे पर्यावरण हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांपर्यंत पोहोचला. त्यात प्रत्यक्ष क्षेत्रभेटही आली. प्रकल्प होतात, अहवाल बांधले जातात, तोंडी परीक्षेत ‘यात नवीन काय?’ असं विचारलं जातं आणि वही कपाटात जाते. पुढची तुकडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

मला वाटतं, पदवीच्या मुलांकडे नावीन्य मागण्याआधी नेम मागावा. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. दशलक्ष भागांत सुमारे ३१५ असलेला तो आकडा आज ४२० च्या पुढे गेला आहे. एकट्या आकड्याने काही सांगितलं नसतं. जगाला जाग आली ती खंड न पडलेल्या नोंदींमुळे.

विद्यार्थ्यांच्या मोजण्यात चुका असतात, हा आक्षेप खरा आहे. पण चूक सापडते ती मागच्या नोंदीशेजारी ठेवल्यावरच. जुनी वही नसेल, तर चूक आणि बदल यांतला फरक कसा कळणार?

नाशिकला तर काळ मोजायचं मापही आयतं मिळालं आहे. २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा झाला, आता २०२७ चा येतो आहे. दोन सिंहस्थांच्या मधल्या बारा वर्षांत प्रत्येक महाविद्यालयातून बारा तुकड्या बाहेर पडतात. सोमेश्वर, रामकुंड, तपोवन, दसक अशी चारच ठिकाणं, ठरलेला आठवडा, ठरलेली वेळ आणि एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाणारी एकच वही. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा निकष आहे. आपली नदी तो कुठे, कधीपासून गाठत नाही, हे त्या वहीत दिसेल. इथून वाहत गेलेलं पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला थांबतं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेल्या त्या जागेलाही ही वही उपयोगी पडेल.

आणि पांढरा साका बघून गोंधळलेल्या मुलीला मागची पानं उलटता येतील. चूक आपली की नदीच बदलली, हे तिचं तिलाच ठरवता येईल.